‘तुम्ही फक्त कमवा’: रेडीमेड ॲफिलिएट पॅकेज घेण्याआधीची तपासणी

जुलै महिना म्हणजे आमच्या ऑफिसात रिटर्नचा हंगाम. मिरजेत मी लोकांची आयकर विवरणपत्रं भरतो, त्यामुळे त्या दिवसांत टेबलावर चहा ठेवायलाही जागा नसते. अशाच एका दुपारी तासगावचा भाचा आला आणि फायलींवरच मोबाईल ठेवला. "मामा, आधी एवढं बघ. मग नाही म्हण."

स्क्रीनवर कुणा पोराचा डॅशबोर्ड, म्हणजे कमाईचा हिशेब दाखवणारं पान, होतं. एका महिन्याचं कमिशन 2,84,600 रुपये. खाली ओळ: वेबसाइट आमची, फनेल (गिऱ्हाईकाला पायरीपायरीने खरेदीपर्यंत नेणारी पानं) आमचं, ईमेल आमचे, तुम्ही फक्त कमवा. भाच्याने आधी 499 रुपयांचा वेबिनार केला होता, त्यानंतर 9,999 चं बेसिक पॅकेज घेतलं होतं. आता 45,000 चं ‘डन फॉर यू’, म्हणजे सगळं तयार करून देणारं पॅकेज घ्यायचं होतं, आणि सीट रात्री बारापर्यंतच राखून ठेवली होती.

त्या दुपारी आम्ही दोघांनी जे जे तपासलं ते खाली देतोय. क्रम मात्र थोडा बदललाय, कारण आम्ही शेवटी जे बघितलं ते खरं तर पहिल्या पाच मिनिटांत बघायला हवं होतं.

पायरी 1: धंदा काय आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगा

ॲफिलिएट मार्केटिंग म्हणजे अडत. सांगलीच्या हळद बाजारात माल विकला गेला की अडत्याला अडत मिळते, पोतं नुसतं बघून गिऱ्हाईक निघून गेलं तर काही मिळत नाही. इथेही तसंच. तुमच्या लिंकवरून कुणी मिक्सर घेतला तर दुकानदार तुम्हाला टक्का देतो. धंदा खरा आहे, जुना आहे, आणि त्यावर पोट भरणारी माणसं मी ओळखतो.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. मोठ्या दुकानांच्या ॲफिलिएट योजनेत सामील व्हायला पैसे लागत नाहीत. ॲमेझॉनचं खातं फुकट उघडतं. दुसरी गोष्ट, टक्के फार नसतात आणि ते ठरवणं दुकानाच्या हातात असतं. एप्रिल 2020 मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचरवरचं कमिशन 8 टक्क्यांवरून 3 वर आणलं. काही वर्षं त्यावरच घर चालवणाऱ्यांचं उत्पन्न एका ईमेलने निम्म्याच्या खाली आलं. शिवाय ग्राहकाने लिंक दाबल्यापासून साधारण 24 तासांत माल घेतला किंवा कार्टमध्ये टाकला तरच तुमचं नाव लागतं. नवीन खात्यावर 180 दिवसांत 3 विक्र्या झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. स्वतःच्या लिंकवरून स्वतःच खरेदी केलेली चालत नाही, घरच्यांनी केलेलीही नाही.

आता पॅकेजवाल्याला एकच विचारा: मी नेमकं काय विकणार, कुणाला, आणि किती टक्क्यांनी? उत्तरात मालाचं नाव यायला हवं. ‘हाय तिकीट’, ‘डिजिटल ॲसेट’, ‘फायनान्शियल फ्रीडम’ एवढंच ऐकू आलं तर पुढची पायरी नीट वाचा.

पायरी 2: पैसा बाहेरून येतोय की आतूनच फिरतोय?

भाच्याला मी हेच विचारलं. थोडा घुटमळला, मग म्हणाला, "हेच पॅकेज विकायचं मामा. एक विकलं की 60 टक्के आपले."

म्हणजे दुकानात माल एकच, दुकानात शिरायचं तिकीट.

नोएडाची सोशल ट्रेड आठवत असेल. 5,750 ते 57,500 रुपये भरायचे आणि मोबाईलवर लिंका दाबत बसायचं, दर क्लिकला 5 रुपये. फेब्रुवारी 2017 मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष पथकाने (एसटीएफ) सूत्रधाराला पकडलं तेव्हा आकडा सुमारे 3,700 कोटींचा निघाला. लिंका बहुतेक एकमेकांच्याच होत्या. बाहेरचा जाहिरातदार पैसे देतोय म्हणून क्लिकला दाम होता असं नव्हतं. नव्या सभासदाने भरलेले पैसे जुन्याला 5-5 रुपयांनी मिळत होते.

अमेरिकेतलं उदाहरण तुमच्या पॅकेजच्या जास्त जवळचं आहे. मोबे नावाची कंपनी ‘21 पायऱ्यांची सिद्ध पद्धत’ 49 डॉलरला द्यायची. पायऱ्या चढताना कोच फोन करायचा आणि वरची मेंबरशिप घ्यायला लावायचा. सगळ्यात वरची जवळपास 30,000 डॉलरची होती. कमवायचं कसं? त्याच मेंबरशिप दुसऱ्यांना विकून. जून 2018 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं संरक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेने कोर्टातून ती बंद पाडली. त्या संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे लोकांचे 12.5 कोटी डॉलरहून अधिक गेले होते. भाच्याचं 499, 9,999, 45,000 हे तेच जिन्याचं गणित, फक्त रुपयांत.

आपल्याकडे 1978 चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा आहे. त्यात अशी योजना चालवणं तर गुन्हा आहेच, सभासद म्हणून त्यात शिरणं आणि भाग घेणंही कलमात येतं. शिक्षा 3 वर्षांपर्यंत. थेट विक्रीचे 2021 चे नियमही पिरॅमिडला, म्हणजे नव्यांच्या पैशातून जुन्यांना देणाऱ्या योजनेला, मनाई करतात. ‘मी फक्त लिंक शेअर केली’ हे पोलीस ठाण्यात किती टिकेल ते वकिलाला विचारा. गावात मात्र अजिबात टिकत नाही. ज्या मावसभावाला तुम्ही घेतलंत तो कंपनीच्या दारात जात नाही, तुमच्या दारात येतो.

कसोटी सोपी आहे. उद्यापासून नवीन माणूस घ्यायचा नाही असं ठरलं, तर जुन्यांची कमाई चालू राहील का? उत्तर नाही असेल तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरज नाही, फोन ठेवा.

पायरी 3: पुरावा मागा, पण स्क्रीनशॉट नको

भाचा म्हणाला, "पण हा डॅशबोर्ड बघ ना." मी ऑफिसचा कॉम्प्युटर त्याच्यासमोर ओढला. माझ्या बँकेचं पान उघडलं, शिल्लक 18,412. आकड्यावर उजवं क्लिक केलं, ‘इन्स्पेक्ट’ दाबलं, शेजारी कोडची पट्टी उघडली. त्यात 18,412 शोधून डबल क्लिक केलं, 97,18,412 टाईप केलं, एंटर. पानावर शिल्लक सत्त्याण्णव लाख झाली. बँकेचा लोगो तोच, वर कुलपाची खूण तीच. पान रिफ्रेश केलं की पुन्हा गरीब. सगळं मिळून 20 सेकंद लागली. भाच्याने स्वतः करून बघितलं तेव्हा कुठे गप्प झाला. तुम्हीही एकदा करून बघा, मग कुठल्याही डॅशबोर्डचा फोटो तुम्हाला वेगळा दिसेल.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. भारतातली कंपनी वर्षाला 20,000 रुपयांहून जास्त कमिशन देते तेव्हा सध्या 2 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापून घेते, आणि ते तुमच्या 26एएस मध्ये आणि एआयएस मध्ये, म्हणजे आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कर आणि उत्पन्नाच्या नोंदींत, दिसतं. पैसे देणाऱ्याचं नाव, रक्कम, कापलेला कर, सगळं. म्हणून ‘महिना पावणेतीन लाख’वाल्याला म्हणा: व्हिडिओ कॉलवर आयकर पोर्टल उघड, लॉगिन कर, पॅन झाकून ठेव आणि मला फक्त 26एएस दाखव.

त्यात दोन गोष्टी बघायच्या. आकडा आहे का ही पहिली. दुसरी जास्त महत्त्वाची: पैसे कोण देतंय? पाच-सहा दुकानांची, होस्टिंग कंपन्यांची, बँकांची नावं असतील तर माणूस खरंच ॲफिलिएट आहे. पॅकेज विकणारी कंपनी एकटीच असेल तर पायरी 2 कडे परत जा. पैसे परदेशी कंपनीकडून येत असतील तर टीडीएस नसेल, पण मग बँकेचं स्टेटमेंट आणि भरलेलं रिटर्न असतं. तेही दाखवायला नकार दिला तर ‘प्रायव्हसी’ हा शब्द ऐकायला मिळेल. गंमत म्हणजे हाच माणूस कमाईचा आकडा इन्स्टाग्रामवर रोज दोनदा टाकतो.

आणि कमिशन म्हणजे नफा नव्हे हे विसरू नका. 2,84,600 कमवायला जाहिरातीवर 2,60,000 गेले असतील तर उरले किती ते डॅशबोर्ड सांगत नाही.

पायरी 4: ‘सगळं’ म्हणजे काय, त्याचं बिल स्वतः लिहा

कोरा कागद घ्या, डाव्या बाजूला ते काय देणार ते लिहा, उजव्या बाजूला तीच वस्तू बाजारात कितीला मिळते. भाच्याच्या कागदावर आलं ते असं: डोमेन (साइटचा पत्ता), वर्षाला साधारण हजारभर. होस्टिंग (साइट ठेवायची जागा), काही हजार. वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) फुकट. डिझाइनची थीम, फुकट किंवा दोन-चार हजार. तयार लेख 30. तयार ईमेल 25. ‘व्हॉट्सॲप सपोर्ट’, म्हणजे एक ग्रुप, जिथे फक्त ॲडमिन लिहू शकतो.

डाव्या बाजूला एक ओळ नव्हती: गिऱ्हाईक कोण आणणार? या धंद्यात वेबसाइट दुर्मिळ नाही, वाचणारा माणूस दुर्मिळ आहे. लिंक दाबणारी माणसं आणणं हेच खरं काम, आणि तेवढंच काम तुमच्यावर सोडलेलं असतं. बहुतेक रेडीमेड पॅकेजमध्ये स्वस्त ते करून मिळतं, महाग ते तुम्ही करायचं.

हे आकड्यांत मांडा. समजा तुमच्या लिंकवर 1,000 जण आले. शंभरातल्या दोघांनी खरेदी केली, म्हणजे 20 ऑर्डरी. सरासरी ऑर्डर 1,500 ची आणि कमिशन 3 टक्के, म्हणजे ऑर्डरमागे 45. हजार माणसांमागे 900 रुपये. पॅकेजचे 45,000 नुसते वसूल व्हायला 50,000 माणसं लागतील. आता तीच माणसं जाहिरातीने आणली आणि क्लिक 4 रुपयांना पडला, तर 900 कमवायला 4,000 खर्च. माझे आकडे पटत नसतील तर पॅकेजवाल्याचे आकडे घाला, पण क्लिक, खरेदीचं प्रमाण, टक्का आणि जाहिरातीचा दर हे चारही त्याच्याकडून लेखी घ्या. पहिल्या तीनबद्दल तो बोलेल. चौथ्याला विषय बदलेल.

तयार लेखांची परीक्षा अगदी साधी आहे. त्यांच्या नमुना साइटवरचं एक पूर्ण वाक्य उचला, अवतरण चिन्हांत घालून गुगलवर शोधा. आम्ही शोधलं तर तेच वाक्य, त्याच चुकीसकट, पानभर साइटांवर. ‘बेस्ट वॉटर प्युरीफायर’च्या लेखात सगळ्यांनी एकच स्पेलिंग चुकवलं होतं. मार्च 2024 मध्ये गुगलने घाऊक उत्पादन केलेल्या अशा मजकुराविरुद्ध नियम आणखी कडक केले. तिनशे जणांना विकलेली एकच साइट शोधात वर येईल ही आशा धरू नका.

पायरी 5: चाव्या कुणाच्या खिशात?

इथे थोडक्यात. डोमेन तुमच्या ईमेलवर, तुमच्या नावाने घेतलेलं हवं. होस्टिंगचा पासवर्ड तुमच्याकडे. ॲफिलिएट खातं तुमच्या पॅनवर आणि तुमच्या बँक खात्यावर. गोळा झालेले ईमेल पत्ते कधीही उतरवून घेता यायला हवेत.

साइट हातात आली की प्रत्येक ‘आता खरेदी करा’ बटणावर बोट दाबून धरा, लिंक कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. ॲमेझॉनच्या लिंकमध्ये ‘टॅग’ या शब्दापुढे ज्याची ओळख असते त्याला कमिशन जातं. तिथे तुमचीच ओळख आहे ना? दहा लिंका बघितल्या म्हणून अकरावी सोडू नका.

‘पेमेंट तुमच्या खात्यावर येईल, ते तुम्ही पुढे पाठवायचं’ असं कुणी म्हणालं तर तो ॲफिलिएट धंदाच नव्हे. दुसऱ्याचे लुटलेले पैसे तुमच्या खात्यातून फिरवले जातात, आणि गोठतं ते तुमचं खातं.

पायरी 6: कंपनीचे कागद

हा माझा आवडता भाग, त्यामुळे दोन ओळी जास्त घेतो. जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटी पोर्टलवर टाका. नाव, पत्ता, नोंदणीची तारीख, चालू की रद्द, सगळं फुकट दिसतं. 15 अक्षरी क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र 27, गोवा 30. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. एकूण क्रमांकातलं सहावं अक्षर बघा. ‘सी’ असेल तर कंपनी, ‘पी’ असेल तर एकटा माणूस. पोस्टरवर ‘ग्लोबल कॉर्पोरेशन’ आणि सहावं अक्षर ‘पी’, असं मी पाहिलंय. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर स्थापनेची तारीखही सापडते. ‘10 वर्षांचा अनुभव’ आणि आठ महिन्यांची कंपनी, हेही पाहिलंय.

‘आम्हाला जीएसटी लागू नाही’ म्हणाले तर हिशेब करा. सेवा देणाऱ्याला साधारण 20 लाखांच्या उलाढालीवर नोंदणी लागते. 45 जणांनी 45,000 भरले की 20,25,000 होतात. मग ‘12,000 यशस्वी विद्यार्थी’ कुठून आले? नोंदणी असेल तर किंमत करासह आहे का विचारा, नाहीतर 45,000 चे शेवटच्या पानावर 53,100 होतात.

पैसे भरण्याआधी बिलाचा नमुना मागवा. फोनवर ‘बिझनेस’ विकतात, बिलावर ‘ट्रेनिंग’ लिहितात. तोंडी दिलेलं उत्पन्नाचं आश्वासन बिलावर कुठेच नसतं. साइटच्या तळाशी बारीक अक्षरांतला कमाईविषयीचा खुलासाही वाचा. वर लाखांच्या गोष्टी आणि खाली ‘या निकालांची हमी नाही’ असं असेल तर खालचं खरं धरा.

रिफंडची अट शब्दशः वाचा. भाच्याच्या कागदावर ‘100 टक्के मनी बॅक’ होतं, पण 90 दिवस रोज काम केल्याचा पुरावा, 60 व्हिडिओ आणि सर्व लाईव्ह क्लासला हजेरी, असं सगळं केल्यावर. मुदत मात्र खरेदीपासून 30 दिवस. नव्वद दिवसांचं काम तीस दिवसांत कसं करायचं हे त्यांनाच विचारा, मी विचारलं होतं.

‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे कर्ज आहे, आणि ते देणारी फायनान्स कंपनी वेगळी असते. पॅकेजवाला गायब झाला तरी हप्ता थांबत नाही, थकवला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होतं. ओटीपी सांगण्याआधी हे डोक्यात असू द्या. द्यायचेच असतील तर क्रेडिट कार्डाने द्या. बँकेकडे वाद नोंदवायची सोय तरी राहते. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीच नको.

पायरी 7: फोनवर सात दिवस मागा

त्यांचा माणूस संध्याकाळी फोन करतो, कारण तेव्हा घरात बोलायला कुणी नसतं किंवा सगळेच असतात. भाच्याचा फोन मी स्पीकरवर घ्यायला लावला.

"सर, मॅनेजमेंटने तुमच्यासाठी खास सीट होल्ड केलीय."

"मला सात दिवस हवेत. मामांना विचारून सांगतो."

"सर, राग मानू नका, पण मामांनी महिना दोन लाख कमावलेत का? मग त्यांचा सल्ला कशाला?"

मी समोरच बसलो होतो. महिना दोन लाख मी खरंच कमावलेले नाहीत.

तेव्हा भाच्याने 26एएस मागितलं. पलीकडे काही क्षण शांतता, मग ‘सिनियर कॉल करतील’. सिनियरचा फोन आला नाही. रात्री बाराची मुदत संपली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच सीट 29,999 ला उपलब्ध झाली.

पैसे आधीच गेले असतील तर

लाजून गप्प बसू नका. चॅट, कॉलच्या नोंदी, पावत्या, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आजच साठवा, कारण ग्रुपमधून काढलं की मजकूर हाती लागत नाही. कंपनीला ईमेलवर लेखी रिफंड मागा, तारीख द्या. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. सरळ फसवणूक असेल, माणसंच गायब असतील, तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, तातडीने, कारण पैसे पुढे सरकण्याआधी अडवायची संधी पहिल्या काही तासांतच असते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइन भरता येते, मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि मुदत 2 वर्षं. खोट्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, त्यामुळे जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

भाच्याचे 9,999 असेच 1915 वर तक्रार केल्यावर दीड महिन्याने परत आले. 499 गेले ते गेले. त्याने मग गावातल्याच एका पोराकडून साधी साइट करून घेतली, डोमेन स्वतःच्या नावावर. द्राक्षबागेत वापरायचे बॅटरीचे फवारणी पंप, नोझल, हातमोजे, स्वतः वापरून त्यावर मराठीत लिहितो. कुठला पंप किती टाक्यांनंतर दम टाकतो हे त्याला पाठ आहे. पहिल्या चार महिन्यांत कमिशन 1,340 रुपये. परवा फोनवर विचारत होता, "मामा, माझा टीडीएस कधी कापणार?" म्हटलं, वीस हजार होऊ देत की आधी.